डोंगरावरची तबकडी आणि आपली वर्गणी



आपल्यापैकी बरेच जण बल्गेरियाला जाऊन आलेले आहेत, पण बहुतेक सगळे काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर. लंडनहून विमान स्वस्त, हॉटेल स्वस्त, शिवाय उन्हाची हमी. या उन्हाळ्यात आम्ही दोघे मात्र समुद्राकडे पाठ फिरवून बाल्कन पर्वतात गेलो, एक पडकी इमारत पाहायला. "सुट्टी खर्चून पडक्या इमारती बघायच्या, तर आपल्या मुंबईत काय कमी होत्या?" असे आपल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी फोनवर विचारले. त्यांनी ते थट्टेने विचारले होते, पण तो प्रश्न परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर म्हणून हे संपादकीय.

बल्गेरियाच्या मध्यभागी काझानलक नावाचे गाव आहे. आजूबाजूच्या खोऱ्यात गुलाबाची शेती होते आणि इथले गुलाबाचे तेल अत्तरासाठी जगभर जाते. या खोऱ्यातून उत्तरेकडे पाहिले की डोंगराच्या माथ्यावर एक राखाडी ठिपका दिसतो. गाडीने घाट चढत गेलो की तो मोठा होत जातो. वरच्या टप्प्यावर मशाली धरलेल्या दोन प्रचंड मुठी लागतात, आणि मग समोर येते ती उडती तबकडी. दुसरा शब्द सुचत नाही. सुमारे १४०० मीटर उंचीच्या शिखरावर काँक्रीटची एक अवाढव्य बशी ठेवलेली, आणि तिला लागून ७० मीटर उंचीचा मनोरा. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना लाल काचेचे तारे, प्रत्येक सुमारे १२ मीटरचा. हे बुझ्लुजाचे स्मारक, बल्गेरियन कम्युनिस्ट पक्षाने स्वतःसाठी बांधलेले.

जागा उगाच निवडलेली नव्हती. १८६८ मध्ये हाजी दिमितर या क्रांतिकारकाची तुकडी ऑटोमन सैन्याशी शेवटची लढाई लढली ती इथे. १८९१ च्या उन्हाळ्यात दिमितर ब्लागोएव्ह आणि त्याचे मूठभर समाजवादी सहकारी या डोंगरात गुपचूप जमले आणि त्यांनी पक्ष स्थापन केला. पुढच्या कम्युनिस्ट पक्षाचे मूळ ते. १९४४ च्या जानेवारीत फॅसिस्टधार्जिण्या सरकारच्या फौजेशी लढताना इथेच पार्टिझन मारले गेले. म्हणजे परकी सत्तेविरुद्ध, भांडवलशाहीविरुद्ध आणि फॅसिझमविरुद्ध, असे तीन लढे एकाच डोंगराच्या नावावर. आपल्यासारख्या विचारांच्या माणसाला इथे उभे राहून काहीच वाटले नाही तर नवल.

बांधकाम १९७४ मध्ये सुरू झाले. वास्तुशिल्पी गेओर्गी स्तोइलोव्ह, जो त्याआधी सोफियाचा महापौर होता. पायासाठी सुरुंग लावून शिखर सुमारे ९ मीटरने उतरवले. बांधकाम केले लष्कराच्या बांधकाम पथकांनी. स्वयंसेवक धरून सहा हजारांवर माणसे राबली. वर हिवाळ्यात गोठवणारे वारे असतात, त्यामुळे काम वर्षातले थोडेच महिने चाले. आतल्या गोल सभागृहात ६० हून अधिक कलावंतांनी मोझेक केले, सगळे मिळून ९०० चौरस मीटरच्या वर. घुमटाच्या मधोमध विळा-हातोडा, आणि त्याभोवती जगभरच्या कामगारांना एकजुटीची हाक देणारी ती घोषणा, जी आपण परळ-लालबागच्या मोर्च्यांत ऐकत मोठे झालो. भिंतीवर एका बाजूला मार्क्स, एंगल्स, लेनिन. दुसऱ्या बाजूला ब्लागोएव्ह, गेओर्गी दिमित्रोव्ह आणि तेव्हाचे सर्वेसर्वा तोदोर झिव्हकोव्ह. २३ ऑगस्ट १९८१ ला झिव्हकोव्ह यांनीच उद्घाटन केले.

खर्च सुमारे १ कोटी ४० लाख लेवा झाला. हा पैसा सरकारचा नाही, जनतेने स्वेच्छेने दिला, असे तेव्हा सांगितले गेले. तिकिटे विकली गेली, कारखान्याकारखान्यांतून पैसे गोळा झाले. ज्यांनी दहीहंडीची किंवा गणपतीची 'ऐच्छिक' वर्गणी मागणारी टोळी दारात पाहिली आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. आणि इथे तर दारात उभा राहणारा कार्यकर्ता हा मालकही होता, सरकारही होता आणि पोलीसही.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्या बाईंचे वडील या कामावर होते. बाई साठीच्या आसपासच्या, मुलगा इंग्लंडमध्ये गोदामात काम करतो, त्यामुळे इंग्रजी बऱ्यापैकी. वडील सैन्यातल्या सक्तीच्या सेवेत होते आणि त्यांना बांधकाम पथकात टाकले होते, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, "मग वडील या इमारतीवर चिडून असतील?" त्या हसल्या. "चिडून? दर रविवारी अंगणातून बोट दाखवायचे. म्हणायचे, तो घुमट मी ओतलाय." मग थोड्या वेळाने, चहा ओतताना, त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. शाळेत असल्यापासूनची त्यांची एक मैत्रीण तुर्की होती. १९८५ च्या हिवाळ्यात एके दिवशी ती कामावर आली तेव्हा तिचे नाव बदललेले होते. "मला म्हणाली, जुन्या नावाने हाक मारू नकोस, मला त्रास होईल. नव्या नावाने मला मारता येईना. मग आम्ही एकमेकींना हाकच मारली नाही." १९८९ च्या उन्हाळ्यात ती मैत्रीण तुर्कस्तानात निघून गेली.

हा इतिहास आपल्याकडे फारसा माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९८४ च्या अखेरीपासून १९८५ च्या मार्चपर्यंत बल्गेरियातल्या आठ लाखांच्या आसपास तुर्की मुसलमानांची नावे सरकारने जबरदस्तीने बदलली. गावाला सैनिक वेढा घालत, लोकांना कचेरीत आणत, यादीतून स्लाव्ह नाव निवडायला लावत. सार्वजनिक ठिकाणी तुर्की बोलण्यावर बंदी आली. विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला, शेकडोंना डॅन्यूब नदीतल्या बेलेने बेटावरच्या तुरुंगात डांबले. या मोहिमेला अधिकृत नाव होते 'पुनरुत्थान प्रक्रिया'. १९८९ च्या उन्हाळ्यात सरहद्द उघडली तेव्हा तीन महिन्यांत तीन लाखांहून जास्त माणसे घरदार सोडून गेली. लोक त्याला कडवटपणे 'मोठी सहल' म्हणतात, कारण कागदोपत्री सगळे पर्यटक म्हणून गेले. नावे परत घेण्याचा हक्क १९९० मध्ये मिळाला. २०१२ मध्ये बल्गेरियाच्या संसदेने ठराव करून या सगळ्याचा निषेध केला आणि त्या हकालपट्टीला वांशिक शुद्धीकरण म्हटले.

आता गंमत पाहा. शिखराचे अधिकृत नाव हाजी दिमितर. पण बुझ्लुजा हेच नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि ते मुळात तुर्की आहे. अर्थ साधारण 'बर्फाळ जागा'. म्हणजे ज्या पक्षाने लाखो माणसांची तुर्की नावे पुसली, त्याचे सर्वांत मोठे स्मारक तुर्की नावानेच ओळखले जाते. माणसांची नावे सरकारला बदलता आली, डोंगराचे नाव काही लोकांच्या तोंडून काढता आले नाही.

नावाचे राजकारण आपल्याला नवीन नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ लढा चालला, त्यात दलित वस्त्या जळल्या, माणसे मेली. ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांनी मागितलेले ते नाव होते. बल्गेरियात उलटे झाले, ज्यांच्याकडे सगळे होते त्यांनी दुबळ्यांचे नाव काढून घेतले. आज महाराष्ट्रात शहरांच्या पाट्या बदलतात तेव्हा आपण कुठल्या बाजूचे नामांतर पाहतो आहोत, हे ओळखायला हा फरक उपयोगी पडतो. आणि ऑफिसात जिभेला सोपे म्हणून आपले नाव तोडून घेतलेल्या आपल्यासारख्यांना, नाव म्हणजे काय हे तरी सांगायला नको. आपण ते स्वतःहून तोडले. त्या बाईंच्या मैत्रिणीला कोणी विचारले नव्हते.

१० नोव्हेंबर १९८९ ला झिव्हकोव्ह सत्तेवरून गेले. ३५ वर्षांची सत्ता. १९९२ मध्ये स्मारक सरकारच्या ताब्यात आले आणि काही वर्षांनी पहाराही उठला. मग जे व्हायचे ते झाले. छताचे तांबे गेले, तारांबरोबर खिडक्याही गेल्या. ताऱ्यांची काच खरी माणके आहेत अशी वावडी उठली, म्हणून बंदुकीने तारे फोडले गेले. झिव्हकोव्ह यांचा मोझेकमधला चेहरा कोणीतरी छिन्नीने उखडून काढला. मार्क्स आणि लेनिन त्या मानाने बचावले. पाऊस आणि बर्फ आत पडू लागले, भिंतीवरच्या रंगीत काचा निखळून जमिनीवर पडू लागल्या. प्रवेशद्वारावर कोणीतरी मोठ्या लाल अक्षरांत लिहिले, 'आपला भूतकाळ विसरा'. काही वर्षांनी दुसऱ्या कोणीतरी त्याच्या आधी एक शब्द जोडला आणि वाक्य झाले, 'आपला भूतकाळ कधीच विसरू नका'.

आम्हाला आत जाता आले नाही. २०१८ पासून तिथे पहारा आहे, कारण छत धोकादायक झाले आहे. बाहेरून चक्कर मारली, फुटक्या पायऱ्या चढलो. दारालगतच्या भिंतींवर 'इंटरनॅशनल' या गीताच्या ओळी काँक्रीटच्या अक्षरांत लावल्या होत्या. निम्मी अक्षरे पडली आहेत. धुके खालून वर येत होते. मुख्य दाराजवळ एक जोडपे फोटो काढत होते आणि एक म्हातारा गृहस्थ बाजूला उभा राहून नुसता वर बघत होता. तो इथे काम केलेला होता की तुरुंगात गेलेला, हे मला कळायला मार्ग नव्हता. मला वाटते, या इमारतीचा प्रश्न तोच आहे. ती दोघांचीही आहे.

पाडून टाका म्हणणारे तिथे आहेत, आणि त्यांचे म्हणणे सोपे नाही. ज्याचा बाप बेलेनेला गेला त्याने आपल्या कराचा पैसा या घुमटाच्या दुरुस्तीला का द्यावा? पक्षाला जसा होता तसा परत द्या म्हणणारेही आहेत. आजचा समाजवादी पक्ष दर उन्हाळ्यात डोंगरावर मेळावा भरवतो, झेंडे, भाषणे, भाजलेले मांस सगळे असते. तिसरी वाट दाखवली ती दोरा इव्हानोव्हा या तरुण वास्तुशिल्पी बाईने. तिने २०१५ मध्ये या स्मारकासाठी एक प्रतिष्ठान काढले. तिचे म्हणणे असे, की इमारत वाचवा, पण तिचा गौरव करायला नाही. ती का बांधली, कशी बांधली आणि का मोडली, हे सगळे तिच्यातच सांगा. २०१८ मध्ये 'युरोपा नोस्त्रा' या संस्थेने युरोपातल्या सर्वाधिक धोक्यातल्या सात वारशांत बुझ्लुजाचा समावेश केला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या गेटी फाउंडेशनने जतनाचा आराखडा करायला १ लाख ८५ हजार डॉलर दिले, पुढच्या वर्षी मोझेकसाठी आणखी मदत दिली. वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ आणि स्वयंसेवक येऊन मोझेकच्या निखळत्या कडा बसवू लागले. एका महत्त्वाच्या गोष्टीची नोंद करावीशी वाटते. झिव्हकोव्ह यांचा उखडलेला चेहरा पुन्हा बसवण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. ती छिन्नीसुद्धा इतिहासच आहे.

मी स्वतः या तिसऱ्या वाटेच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण बल्गेरियात नाही, आपल्यात आहे.

आपण स्वतःला पुरोगामी म्हणवतो. आपल्यातले कोणी सेवादलातून आले, कोणी विद्यार्थी संघटनेतून, कोणी नुसतेच घरातल्या पुस्तकांमधून. सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदांची कव्हरे आपल्या वह्यांना होती. गेओर्गी दिमित्रोव्ह हे नाव मी वडिलांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. १९३३ मध्ये जर्मन संसदेला आग लावल्याच्या खोट्या आरोपावरून नाझींनी त्याच्यावर लाइपझिगला खटला भरला आणि त्याने भर कोर्टात गोअरिंगची उलटतपासणी घेतली, ही गोष्ट वडील रंगवून सांगत. ती खरीच आहे आणि आजही अंगावर काटा आणते. पण याच दिमित्रोव्हच्या सरकारने १९४७ मध्ये विरोधी शेतकरी पक्षाचा नेता निकोला पेटकोव्ह याला फाशी दिली. ही गोष्ट वडिलांनी कधी सांगितली नाही. त्यांना माहीत नसावी, किंवा माहीत असून सांगावीशी वाटली नसावी. मीही माझ्या मुलीला पहिलीच सांगितली आहे.

वॉटर्लू पुलावरून मी कितीतरी वर्षे कामाला जात होतो. ७ सप्टेंबर १९७८ ला त्याच पुलाजवळच्या बसथांब्यावर गेओर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या मांडीत काहीतरी टोचले. छत्रीवाला एक माणूस 'माफ करा' म्हणून निघून गेला. रायसिन या विषाची बारीकशी गोळी होती ती. चार दिवसांनी मार्कोव्ह वारला. तो बीबीसीच्या बल्गेरियन सेवेत होता आणि झिव्हकोव्ह यांच्या राजवटीबद्दल रेडिओवरून बोलत असे. त्या वेळी इकडे बुझ्लुजावर घुमटाचे काम चालू होते. परदेशात राहून, आपल्या भाषेत, मागे सोडलेल्या देशाबद्दल खरे बोलणारा माणूस. आपण या पत्रातून वेगळे काय करतो? तरी आपल्या एकाही अंकात त्याचा उल्लेख आलेला नाही. आपण हिटलरवर लिहिले, पिनोशेवर लिहिले, गुजरातवर लिहिले, आणि ते लिहिलेच पाहिजे होते. पण आपल्या बाजूचा हिशेब मांडायची वेळ आली की आपण 'तो खरा समाजवाद नव्हताच' म्हणून वही मिटतो. ते उत्तर त्या बाईंच्या मैत्रिणीला देऊन पाहावे. तिचे नाव ज्यांनी बदलले त्यांच्या कचेरीत मार्क्सचीच तसबीर होती.

याचा अर्थ १८९१ मध्ये डोंगरात जमलेली माणसे खोटी ठरतात असे मी मानत नाही. आठ तासांचा दिवस, मुलांना शाळा, म्हातारपणी पेन्शन, या गोष्टी तशाच माणसांनी मिळवून दिल्या. त्या बाईंचे वडील घुमटाकडे बोट दाखवत, तो अभिमानही खोटा नव्हता. मला एवढेच म्हणायचे आहे की दोन्ही पाने एकाच वहीत राहिली पाहिजेत. एक पान फाडणाऱ्याच्या हाती दुसरे पान फाडायचाही अधिकार जातो. आज उजवीकडची मंडळी तेच करत आहेत, आणि त्यांना जाब विचारायचा तर आपली वही आधी पुरी हवी.

आता त्या ज्येष्ठ सदस्यांच्या प्रश्नाकडे येतो. मुंबईत पडक्या इमारती होत्या. १९८२ चा संप १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी तो संप कधी मिटलाच नाही. माझे वडील त्यांतले एक. त्यांच्या ट्रंकेत युनियनच्या वर्गणीच्या पावत्या होत्या, वर्षानुवर्षांच्या, रबर बँड लावून ठेवलेल्या. ती वर्गणी मात्र खरोखर ऐच्छिक होती. संपाच्या दिवसांत घरात भाताला चटणी असतानाही दिलेली. त्या गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत, मॉल आहेत, कुठे शोभेला ठेवलेली चिमणी आहे. बल्गेरियात राज्यकर्त्यांनी कामगारांच्या नावाने डोंगर कापून स्मारक उभे केले. मुंबईत कामगारच शहर होते, आणि त्यांच्या नावाची खूण शोधावी लागते. काय अधिक वाईट, मला ठरवता येत नाही.

वडील गेल्यावर घर आवरताना त्या पावत्या मी रद्दीत दिल्या. तेव्हा मला इथे परतायचे विमान गाठायचे होते. पडकी इमारत बघायला मी बल्गेरियापर्यंत का गेलो, याचे प्रामाणिक उत्तर बहुधा हेच असावे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून अशी एखादी ट्रंक आहे. पावत्या, पत्रके, संपकाळातली पत्रे, फोटो, कोणाच्या तरी तुरुंगवासाची वही. आपले आईवडील अजून बोलू शकतात अशा सदस्यांची संख्या दर वर्षी कमी होते आहे. पुढच्या भारतभेटीत एक दुपार त्यासाठी काढावी, रेकॉर्डर समोर ठेवावा आणि सगळे विचारावे. युनियनने काय मिळवून दिले हे विचारावे, युनियनमध्ये बायकांना आणि दलितांना कसे वागवले हेही विचारावे. गिरणीच्या कापडखात्यात दलित कामगारांना अनेक वर्षे शिरकाव नव्हता, कारण धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. बाबासाहेबांनी त्यावर बोट ठेवले होते. लाल झेंड्याखालीही ते चालत होते. हे पानही ट्रंकेत असते, फक्त तळाशी.

निघताना त्या बाईंनी गुलाबाच्या पाकळ्यांच्या जॅमची बाटली हातात ठेवली, आपल्या गुलकंदाची चुलत बहीण. मी विचारले, "ती इमारत राहावी असे तुम्हाला वाटते का?" त्या म्हणाल्या, "राहू दे. पण आत गेल्यावर तिथे माझ्या मैत्रिणीचेही नाव वाचायला मिळाले पाहिजे. जुने."

आपला स्नेहांकित,
संपादक